पॅनेलम आठ महिने वापरल्यावर: बाण कुठे ठेवायचा आणि नजर कुठे वळवायची

आठ महिन्यांपूर्वी एका दुमजली ग्रंथालयाची ३६० अंशांची टुअर करायला घेतली, तेव्हा पॅनेलम निवडलं. चहूबाजूंची चित्रं वेबपानावर फिरवून बघता यावीत यासाठीचं हे सॉफ्टवेअर. मुक्त स्रोत आहे, एमआयटी परवाना आहे, ब्राउझरमध्ये वेबजीएलवर (ब्राउझरच्या ग्राफिक्स-सोयीवर) थेट चालतं आणि सगळी मांडणी एका जेसॉनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, लिहिता येते. चित्र दाखवण्याच्या बाबतीत मी पहिल्या दिवसापासून खूश आहे. माझा खरा वेळ गेला तो नेव्हिगेशनवर, म्हणजे बघणाऱ्याला एका दृश्यातून दुसऱ्यात नीट नेण्यावर.

जिन्यापासूनच सांगते. खालच्या मजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी बाण होता, तो दाबला की वरचा मजला उघडायचा. टुअर तयार झाल्यावर मैत्रिणीच्या आईला लॅपटॉपसमोर बसवलं. काकूंनी बाण दाबला, समोर पुन्हा जिना दिसला, म्हणून त्यांनी तिथलाही बाण दाबला आणि त्या खाली आल्या. असं तीनदा झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, मी वर आहे की खाली?"

चूक माझी होती. वरचं दृश्य उघडताना नजर कुठे असावी हे मी ठरवलंच नव्हतं. ते चित्राच्या मध्यावर उघडत होतं आणि त्या मध्यावर नेमका जिना होता. जिना चढून आलेल्या माणसाची पाठ जिन्याकडे असते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

पॅनेलममध्ये यासाठी प्रत्येक दुव्याला, म्हणजे बाणाला, 'टार्गेटयॉ' देता येतो. यॉ म्हणजे नजरेची डावी-उजवी दिशा; पुढचं दृश्य किती अंशांवर उघडायचं तो हा आकडा. आकड्याऐवजी 'सेमअझिमथ' लिहिलं, तर माणूस ज्या दिशेला बघत होता त्याच दिशेला बघत पुढच्या खोलीत शिरतो. मात्र त्यासाठी प्रत्येक दृश्याचा 'नॉर्थऑफसेट' (चित्राचा मध्य उत्तर दिशेपासून किती अंशांवर आहे तो आकडा) नीट भरलेला हवा आणि चित्रं कललेली नकोत. मी आधी फोनच्या होकायंत्रावर विसंबले, पण लोखंडी रॅकांजवळ सुई भलतीकडेच जायची. शेवटी इमारतीची लांब भिंत हीच उत्तर दिशा मानली. खरी उत्तर दिशा कुठेही असो, सगळ्या दृश्यांत एकच दिशा उत्तर धरली की काम होतं. (मग पडद्यावरचं होकायंत्र मात्र बंद ठेवायचं, नाहीतर ते खोटं सांगेल.) जिन्याला हा उपाय लागू पडला नाही, कारण मधल्या टप्प्यावर जिना उलटा वळतो आणि माणूस वर पोचतो तो विरुद्ध दिशेला तोंड करून. तिथे अंश हातानेच घातले. 'हॉटस्पॉटडीबग' चालू केलं की क्लिक केलेल्या जागेचे अंश ब्राउझरच्या कन्सोलमध्ये मिळतात. या सोयीवाचून मी हे काम पुरं केलं नसतं.

दुसरा धडा बाणांच्या जागेचा. डोळ्यांच्या उंचीवर तरंगणारा बाण दार दाखवतोय की भिंतीवरचं चित्र, ते कळत नाही. जमिनीवर ठेवला की पाऊल कुठे टाकायचं ते लगेच समजतं. पण त्यात एक अडचण आहे. कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल, तर चार मीटरवरचा बाण क्षितिजाच्या २१ अंश खाली येतो आणि दोन मीटरवरचा ३७ अंश खाली. पॅनेलमचा आडवा दृष्टिकोन, म्हणजे एका वेळी आडवा किती भाग दिसतो तो कोन, मूळचा १०० अंशांचा आहे; १६:९ च्या चौकटीत तेव्हा मध्यावरून खाली साधारण ३४ अंशच दिसतात. म्हणजे सगळ्यात जवळचा बाणच चौकटीबाहेर! मी जवळचे बाण तीन मीटरवर सरकवले आणि दृश्य थोडं खाली बघत उघडेल असं केलं. उभ्या धरलेल्या फोनवर प्रश्न उलटा होतो. आडवे १०० ठेवले तर उभा दृष्टिकोन १३० च्या घरात जातो आणि भिंती ताणल्यासारख्या दिसतात. तिथे मी आडवे ६५ वापरते.

पानात बसवलेल्या टुअरवर माउसचं चाक मूळ मांडणीप्रमाणे झूम करतं, त्यामुळे पान खाली सरकवणारा माणूस तिथेच अडकतो. 'माउसझूम' फक्त पूर्ण पडद्यापुरतं ठेवा. फोनवर बोटाचंही तसंच होतं, म्हणून दोन्ही कडांना अंगठा मावेल एवढी मोकळी पट्टी सोडली आहे. आपोआप फिरणं मी बंदच केलं. काहींना त्याने गरगरतं, आणि वाचत असलेली पाटी डोळ्यांसमोरून निघून जाते.

बटणांबद्दल माझं मत पूर्ण बदललं. ओढून बघता येतं, मग डावी-उजवी बटणं कशाला, असं मला वाटायचं. पण हात थरथरणाऱ्या माणसाला ओढणं जमत नाही. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये) ओढण्याच्या क्रियेला न ओढता करता येणारा पर्याय हवा, असं सांगितलं आहेच. एपीआयमधून, म्हणजे पॅनेलमला कोडमधून दिलेल्या आज्ञांनी, सध्याच्या यॉमध्ये दहा अंश मिळवणं किंवा वजा करणं एका ओळीचं काम आहे. सोबत टुअरखाली खोल्यांच्या नावांची साध्या बटणांची यादी दिली. ती कीबोर्डने चालते आणि स्क्रीन रीडरलाही (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही) वाचता येते.

काकूंना परवा पुन्हा बसवलं. जिना चढून त्या वर आल्या, समोर वाचनकक्षाच्या खिडक्या दिसल्या आणि काही न विचारता त्या सरळ तिकडे निघाल्या.