पास चक्राकार, चकरा मात्र पोलीस ठाण्याच्या

मी 68 वर्षांचा आहे, सोलापुरातील एका सूतगिरणीच्या हिशेब खात्यात 31 वर्षे काढली आहेत, आणि तरीही माझे 46,800 रुपये रेल्वेच्या बोगस पासाच्या एका छापील कागदावर गेले. लिहिताना लाज वाटते. पण तोच कागद तो एजंट आज दुसऱ्या कोणापुढे सरकवत असेल, म्हणून लिहितो.

आमच्याकडे मोटार नाही आणि या वयात घ्यायचीही नाही. चेन्नई, रामेश्वर, पुरी, वाराणसी, दिल्ली असा देश रेल्वेनेच पाहायचा, असे मी आणि पत्नीने ठरवले होते. एका जुन्या सहकाऱ्याने नवी पेठेतील या एजंटाचे नाव सुचवले. “काका, चक्राकार पास घ्या. एकदाच पैसे, आठ ठिकाणी उतरा,” एजंट म्हणाला. खोटेपणा इथे नव्हता, हीच त्याची हुशारी. चक्राकार प्रवासाचे तिकीट ही रेल्वेची खरी सोय आहे: जिथून निघालो तिथेच परत यायचे, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबायचे, आणि लांब अंतराचा दर लागत असल्याने भाडे कमी पडते. मात्र त्यासाठी मार्ग लिहून विभागीय वाणिज्य कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि प्रत्येक गाडीचे आरक्षण वेगळे करावे लागते. सोलापूर हे तर विभागाचे मुख्यालय. म्हणजे जे कार्यालय माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होते ते सोडून मी एजंटाचा जिना चढलो.

5,000 रोख, 21,800 फोनवरून आणि पुढे ‘आरक्षण शुल्क’ म्हणून आणखी 20,000, असे पैसे दिले. 12 ऑक्टोबरला त्याने कागद हाती ठेवला. गड्ड्याची जत्रा आटोपून 20 जानेवारीला निघायचे होते. बी-2 डबा, बर्थ 33 आणि 36, दोन्ही खालचे. गुडघ्यांचा विचार करून मी खूश झालो. त्याखाली ओळ होती: ‘ज्येष्ठ नागरिक सवलत 40 टक्के’. पत्नी म्हणाली, “अहो, ही सवलत करोनात बंद झाली ना? आणि होती तेव्हा बायकांना 50 होती.” तिचे दोन्ही मुद्दे बरोबर होते. मार्च 2020 मध्ये ती सवलत गेली, यावर आम्ही म्हातारे सिद्धेश्वर तलावाच्या काठी रोज कुरकुरतो. तरीही मी तिला म्हणालो, “पासाला वेगळा नियम असेल.” हे वाक्य आता रात्री झोपू देत नाही. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की एसटीत आम्हा दोघांनाही अर्धेच तिकीट लागते, शिवाय एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पासही आहे, त्यामुळे रेल्वेतही तसे काही असेल हे मनाला पटले. पण 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधीच उघडते, मग 100 दिवस आधी बर्थ क्रमांक आला कुठून, ही साधी वजाबाकी हिशेब खात्यातल्या माणसाला सुचू नये? पैसे देण्याआधी दहा आकडी पीएनआर तिथेच बसून रेल्वेच्या 139 या चौकशी क्रमांकावर तपासा. “पासाचा पीएनआर चार्ट लागल्यावरच दिसतो,” असे कोणी सांगितले तर उठून चालू लागा.

गाडीत टीसीने यंत्रात पाहिले. 33 आणि 36 वर दुसरीच नावे होती. भाडे आणि दंड मिळून 2,040 रुपये भरून आम्ही कलबुर्गीला उतरलो. पत्नीने दशम्यांचा डबा फलाटावरच उघडला. ती काही बोलली नाही, ते जास्त लागले.

त्यानंतरचा मनस्ताप वेगळाच. ठाण्यात सांगितले, पैसे फोनवरून दिले आहेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर बसला होता, रोखही दिली आहे, हे आमचे नाही. रेल्वे पोलिसांच्या मते व्यवहार स्थानकाच्या हद्दीबाहेरचा होता. तिकिटांच्या अनधिकृत धंद्याला रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे मी वाचून दाखवले, तेव्हा साहेबांनी “तुम्ही वकील आहात का?” असे विचारले. पिन तुम्हीच टाकला, एवढेच बँकेचे उत्तर. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मी तीन महिन्यांनी फोन केला, तोवर ते खाते रिकामे होते. तुम्ही मात्र शंका येताच त्याच तासात करा. रोख दिलीच तर सही-शिक्क्याची पावती घ्या; माझ्याकडे 5,000 रुपयांचा पुरावा म्हणून त्याच्या चहाचा कप तेवढा आठवतो.

पाचव्या खेपेला अखेर तक्रारीची पोच मिळाली. घरी येऊन चष्मा लावून वाचली. त्यात रक्कम 4,680 लिहिली आहे. दुरुस्तीसाठी सोमवारी बोलावले आहे, मूळ कागदपत्रांच्या तीन प्रतींसह.