पापणीवरची गाठ परत परत येत असेल तर इथे दाखवा (डोळ्यांचं क्लिनिक, दांडिया बाजार, बडोदा)

५ पैकी ४ स्टार देतेय, आणि तो एक कापलाय तो फक्त वेटिंगसाठी. तपासणीसाठी पूर्ण ५.

माझ्या आत्याच्या (वय ७१) उजव्या वरच्या पापणीवर गाठ होती, दिसायला अगदी रांजणवाडी. घरी शेक झाले, लवंग उगाळून लावून झाली, मग एका दुसऱ्या डॉक्टरांकडे (नाव लिहीत नाही) चिरा देऊन साफ केली, परत आली, परत साफ केली, आणि दर वेळी जे काही काढलं ते सरळ कचऱ्यात, लॅबला काहीच पाठवलं नाही याचा मला आजही राग येतो. थेंब बदलत राहिले, पापणी लाल ती लालच. "वयामुळे होतं, आजी" हे ऐकून ऐकून आत्या शेवटी म्हणाली, आता मला कुठे नेऊ नकोस गं.

इथल्या मॅडम गुजराती आहेत पण मराठी छान बोलतात. त्यांनी मशीनवर हनुवटी टेकायला सांगितली, पापणी उलटून बराच वेळ बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशी, इथले केस कधीपासून गेले?" मग मोबाईलवर फोटो काढून मला मोठा करून दाखवला. गाठ होती बरोबर तेवढ्याच जागेतले पापणीचे केस गायब, बाकी ओळ व्यवस्थित, आणि गाठ जरा पिवळसर. साध्या रांजणवाडीत सहसा केस असे झडत नाहीत म्हणाल्या. नंतर कानाच्या पुढे आणि जबड्याखाली बोटांनी दाबून बघितलं, कारण पापणीत कॅन्सर असून तो पसरला तर आधी तिथल्या गाठी सुजतात. डोळा दाखवायला गेल्यावर गळा चाचपणारे डॉक्टर मी तरी पहिल्यांदाच बघितले.

आम्हाला समजेल असं सांगितलं. पापणीच्या आत तेल बनवणाऱ्या ग्रंथी असतात, मायबोमियन म्हणतात, त्यांच्या तेलामुळे अश्रू लगेच सुकत नाहीत. वरच्या पापणीत त्या जास्त असतात म्हणून हा तेलग्रंथींचा कॅन्सर, सेबेशिअस कार्सिनोमा, वरच्या पापणीवर जास्त सापडतो. एकूण आजार दुर्मिळच, गोऱ्या लोकांत तर पापणीचा कॅन्सर म्हणजे बहुतेक वेळा बेसल सेल (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) असतो, पण आपल्याकडे भारतात पापणीच्या कॅन्सरमध्ये या तेलग्रंथीवाल्याचा वाटा बराच मोठा आहे. म्हणून उतारवयात त्याच जागी गाठ परत आली, किंवा एकाच डोळ्याची पापणी महिनोन्महिने सुजून लाल राहिली, तर तुकडा तपासल्याशिवाय पुढे जायचंच नाही असा त्यांचा नियम आहे. मला विचाराल तर असा नियम प्रत्येक डोळ्यांच्या दवाखान्यात हवा.

बायोप्सी इथेच झाली, पापणी बधिर करून. आत्याला फक्त इंजेक्शनची सुई टोचली तेवढंच कळलं. आणि त्यानंतरचं जे आहे त्यासाठीच मी एवढं मोठं लिहायला बसलेय. मॅडमनी लॅबच्या फॉर्मवर नुसतं 'पापणीची गाठ' असं लिहून सोडलं नाही, कशाचा संशय आहे ते स्पष्ट लिहिलं आणि आमच्यासमोर पॅथॉलॉजिस्टना फोन लावला. नेहमीच्या पद्धतीत तुकडा अल्कोहोल वगैरेतून जातो आणि त्यातली चरबी विरघळून जाते, मग चरबी दाखवणारा ऑइल रेड ओ रंग लावून उपयोग नाही, म्हणून थोडा भाग फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायचं द्रावण) न घालता ताजाच पाठवला. नाहीतर हा कॅन्सर दुसऱ्याच कुठल्यातरी कॅन्सरच्या नावाखाली जाऊ शकतो असं त्या म्हणाल्या.

रिपोर्ट सेबेशिअस कार्सिनोमाच आला. हा कॅन्सर पापणीच्या आतल्या पातळ पडद्यात वरून न दिसता पसरू शकतो, म्हणून डोळ्याच्या वेगवेगळ्या जागचे बारीक तुकडे घेऊन नकाशासारखी तपासणी केली. घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का हेही विचारलं. आजोबांना होता. १९६७ आणि १९६८ मध्ये म्युअर आणि टॉरे या डॉक्टरांनी तेलग्रंथींच्या गाठी आणि पोटातले कॅन्सर एकाच माणसात असल्याचं नोंदवलं, ते घराण्यात उतरू शकतं. पापणीच्या केसमध्ये हा संबंध कमी सापडतो, तरी त्यासाठीची टेस्ट त्याच तुकड्यावर करून घेतली. ती नॉर्मल आली तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशनला अहमदाबादला पाठवलं, तिथे काढलेल्या भागाच्या कडांत कॅन्सर उरला नाही ना हे ऑपरेशन चालू असतानाच तपासून मग पापणी नवीन बनवली. फॉलोअप मात्र इथेच चालू आहे, डोळा शाबूत आहे आणि आत्या सकाळी पेपर वाचते.

आता तक्रार. अपॉइंटमेंट ११ ची असली तरी नंबर दीडच्या आधी लागत नाही, बाकडी कमी आहेत, म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं, हे सुधारायलाच पाहिजे. गाडी समोर लावायला जागा नाही, सुरसागरच्या बाजूला लावून चालत या. फी वाजवी आहे, लॅबचं बिल वेगळं. आधी कुठे गाठ काढून तपासली असेल तर नुसता रिपोर्ट नको, त्या लॅबकडून स्लाइड (काचपट्टी) आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) मागून आणा, मॅडम स्लाइड परत तपासून घेतात.