रविवारच्या मराठी वर्गासाठी कोणता खेळ: फळ्यावर थाप, शब्द-खो की तो-ती-ते?

इंदुरात मुलांचा मराठी वर्ग सुरू करणारे बरेच पालक विचारतात, शब्द पाठ करून घेण्यासाठी कोणता खेळ घ्यावा? आधी हे बघा, की मुलांचं नेमकं अडतं कुठे. राजेंद्रनगरातल्या आमच्या वर्गात ७ ते १० वर्षांची १४ मुलं येतात. आजीने "ताट घे" म्हटलं की ती ताटच उचलतात, पण स्वतः मागताना "थाली" म्हणतात. शब्द कळतो, पण तोंडात येत नाही. मी खेळ निवडते तो एवढंच बघून.

'फळ्यावर थाप' सगळ्यात सोपा. फळ्यावर दहा-बारा शब्द लिहायचे, दोन रांगा करायच्या आणि खूण सांगायची; प्रत्येक रांगेतल्या पहिल्याने धावत जाऊन बरोबर शब्दावर थाप मारायची. बैठकीच्या खोलीतही जमतो, तयारीला पाच मिनिटं पुरतात. मात्र दोघं पळतात तेव्हा बाकीची बारा फक्त ओरडतात, आणि जिंकणाऱ्यालाही शब्द उच्चारावा लागत नाही. तरी दोन्ही भाषांत सारखे दिसून अर्थ बदलणाऱ्या शब्दांसाठी मी हाच घेते. "चूक केली की मिळते ती" म्हटल्यावर 'शिक्षा'कडे निघालेली मुलं मध्येच थबकतात, कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. 'खाली'चंही तेच. "ताई, माझी बाटली खाली झाली" हे वाक्य वर्गात कुणालाच खटकत नव्हतं. 'रिकामी' हा शब्द या खेळामुळे रुळला.

'शब्द-खो'ला मैदान हवं. खेळ खो-खोचाच, पण खो देताना ठरलेल्या गटातला शब्द म्हणायचा, समजा स्वयंपाकघरातली वस्तू. शब्द नाही तर खो नाही. प्रत्येकाला बोलावंच लागतं, तेही धापा टाकत, आणि तेव्हा जिभेवर आधी हिंदी येते. "बेलन!" असं कुणी ओरडलं की बसलेली सगळी "लाटणं, लाटणं" म्हणून सुचवतात. मी ते चालू देते. अशा गडबडीत ऐकलेला शब्द पक्का बसतो. बुजऱ्या मुलाला मात्र आधी दोन-तीन शब्द कानात सांगून ठेवा, नाहीतर ते मैदानातच रडकुंडीला येतं.

घरी मराठी कानावर पडत असेल, तर माझं मत शब्द-खोला. घरात मराठी अजिबात नसेल, तर पहिले काही महिने थाप बरी. जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत हालचालीतून भाषा शिकवायची पद्धत मांडली. तीतही मुलं आधी सूचना ऐकून कृती करतात, बोलणं मागाहून येतं.

तिसरा खेळ दोन्ही प्रकारच्या मुलांना लागतो, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही. खडूने 'तो', 'ती', 'ते' अशी तीन वर्तुळं काढायची, आपण शब्द उच्चारला की दोन्ही संघांनी बरोबर वर्तुळात पळायचं. 'पुस्तक' म्हटलं की निम्मा वर्ग 'ती'मध्ये, 'आवाज' म्हटलं तरी तिथेच. दोन्ही हिंदीत स्त्रीलिंगी. गेल्या महिन्यात मी 'पोहे' म्हणाले. इंदूरची मुलं, पोह्यांवर हक्क सांगणारच! एकजण हिंदीतला 'पोहा' धरून 'तो'मध्ये उभा राहिला, बाकी सगळी 'दही'सारखं समजून 'ते'मध्ये. मीही क्षणभर अडखळले, कारण पुल्लिंगी अनेकवचनही 'ते'च. आता वर्तुळात पोचलेल्याने वाक्य बोलून दाखवायचं, तरच गुण. दही खाल्लं, पोहे खाल्ले.