टाइमशेअर मेंबरशिपमधून सुटका: ‘विकून देतो’वाले आणि ग्राहक आयोग

जालना रोडवरच्या एखाद्या हॉटेलात ‘लकी ड्रॉ’चं गिफ्ट घ्यायला जोडीनं जायचं आणि दरवर्षी ठराविक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याची पंचवीस वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप गळ्यात घेऊन परतायचं, हा प्रकार संभाजीनगर, लातूर, नांदेडकरांना नवा नाही. ती उतरवून देणाऱ्या तीन सेवांचा हा हिशेब.

‘मेंबरशिप विकून देतो’ म्हणून फोन करणाऱ्या एजंटांना शून्य गुण. मेंबरशिप नंबर, भरलेली रक्कम, थकलेली एएमसी (वार्षिक देखभाल फी), सगळं त्यांना पाठ असतं आणि तिथंच माणूस विश्वास ठेवतो. तो डेटा फुटलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. गिऱ्हाईक म्हणे मूळ किमतीपेक्षा जास्त द्यायला तयार! जुन्या मेंबरशिपला बाजारात फारसं कोणी विचारत नाही. आधी एनओसीची फी मागतात, मग १८ टक्के जीएसटी, मग ‘परत मिळणारा’ टीडीएस. ‘तुमचा खर्च विक्रीच्या रकमेतून कापून घ्या’ म्हणून बघा, समोरचा लगेच विषय बदलतो. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फिरते.

आता सरळ रस्ता. करारातलं रद्द करण्याचं कलम आधी वाचा. काही करारांत सही केल्यापासून दहा दिवसांची मुदत असते. ती चालू असेल तर ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही त्याच दिवशी. ‘मॅनेजर कॉल करतील’ हे मुदत संपवायचं तंत्र आहे. ईएमआय रागानं बंद करू नका: कर्ज फायनान्स कंपनीचं असेल तर सिबिल बिघडतं आणि एनएसीएच (खात्यातून आपोआप होणारी हप्त्याची वजावट) बाउन्स झाल्यास फौजदारी खटलाही होऊ शकतो.

मुदत गेली असेल तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, कंपनीकडून उत्तर मागवते, पण हुकूम देऊ शकत नाही. पाचपैकी तीन.

जिल्हा ग्राहक आयोगाला चार. करारात ‘वाद चेन्नईतच’ किंवा ‘लवादाकडेच’ असं छापलेलं असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बीड, परभणी, हिंगोलीतही, तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा. मेंबरशिप महाग पडली, हे कारण टिकत नाही. टिकतो तो नाकारलेल्या बुकिंगचा पुरावा. म्हणून ‘रूम उपलब्ध नाही’चे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि विक्रेत्याची तोंडी आश्वासनं ईमेलवर कबूल करून घ्या.

एक गुण कापला तो तारखांसाठी. वकील लावणं सक्तीचं नाही, पण कंपनीचा वकील हजर असतो. तेव्हा लेखी युक्तिवाद कागदपत्रांच्या पान क्रमांकासह आधीच तयार ठेवा.