माथेरानची शटल : दस्तुरीपासून पुढचा प्रवास

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढे चालत, घोड्यावर किंवा अमन लॉज स्टेशनहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेने, म्हणजे शटलने. सामान असेल, आजी-आजोबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर शटलच घ्या. पार्किंगपासून स्टेशन काही मिनिटांवर आहे, आणि गाडी थेट बाजारपेठेत सोडते. पाठीवर एकच सॅक असेल तर रुळांच्या बाजूची वाट सरळ धरा: पाऊण तास, सावली भरपूर.

नेरळहून थेट येणारी गाडी हा वेगळा प्रकार. 1907 साली सुरू झालेला हा दोन फुटी रुळांचा मार्ग जुम्मापट्टी, वॉटर पाइप करत वळणं घेत चढतो. अडीच तासांच्या आसपास लागतात. घाई असेल तर नेरळ स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी गाठा. पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे नेरळचा टप्पा बंद असतो, शटल मात्र साधारणपणे चालू राहते.

खरी अडचण रविवारी परतताना. सगळे एकाच वेळी निघतात, डबे छोटे, खिडकीसमोरची रांग हलत नाही. दुपारच्या जेवणाआधीच निघालेलं बरं. तांबडी माती पांढऱ्या बुटांवरून जात नाही, आणि माकडं हातातली पिशवी ओढतात. खाणं सॅकमध्ये, चेन लावून.

मोटारी दस्तुरीलाच थांबतात म्हणून मिळणारी हॉर्नशिवायची शांतता टिकायला हवी, म्हणून शटलच्या फेऱ्या वाढायलाच हव्यात.