वाड्यांचं लाकूडकाम आणि १०० मिमी मॅक्रो लेन्स : नऊ महिन्यांनंतर

गणपतीच्या सुमारास १०० मिमी, एफ २.८ मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारीक तपशील टिपणारी लेन्स, सेकंडहँड घेतली. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर वापरतो आणि काम एकच : जुन्या वाड्यांचं लाकूडकाम. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, महिरपी, केळफुलं (केळफुलासारखे कोरलेले लाकडी नक्षीचे तुकडे), दारांवरच्या गणेशपट्ट्या.

घेतली मॅक्रोसाठी, पण एकास एक मॅग्निफिकेशन (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटणं) पाच-सहा वेळाच वापरलं असेल. तिथे चौकटीत मावतो मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा, आणि एफ ११ एवढं लहान छिद्र ठेवूनही जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर फोकसमध्ये राहतं. नक्षीला ते पुरत नाही. ही लेन्स कामाला येते ती दुरून. चार मीटरवरून साधारण दीड मीटर रुंदीचा भाग मिळतो, रेषा सरळ राहतात, कडेची नक्षी ताणली जात नाही. पुण्यातल्या दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जाचं कोरीवकाम पूर्वी मी खाली उभा राहून, मान वर करून वाइड लेन्सने टिपायचो आणि खांब एकमेकांवर कलायचे. आता रस्त्याच्या पलीकडून कॅमेरा फारसा न कलवता तेच काम होतं.

उजेडाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. समोरून फ्लॅश मारला की कोरीवकाम सपाट होतं, सागवान चकाकतं, आणि कारागिराने पटाशीने काढलेली खोली नाहीशी होते. मी साधी एलईडी बॅटरी घेतो आणि लाकडाच्या जवळजवळ समांतर, एका बाजूने धरतो. मग पाकळीच्या कडेला सावली पडते. एकाच तुळईवरची आठ फुलं सारखी वाटत होती. तिरप्या उजेडात पाचव्याचा देठ डावीकडे वळलेला दिसला. तो बघून मी बराच वेळ तिथेच थांबलो.

त्रासही आहेत. अंधाऱ्या माजघरात ऑटोफोकस पुढेमागे भटकत राहतो. मी सरळ मॅन्युअलवर जातो. अगदी जवळ गेलं की स्टॅबिलायझरचा (हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेचा) आधार कमी पडतो, ट्रायपॉड लागतोच. संरक्षित वास्तूंत त्याची परवानगी आधी काढावी. माडीवर कुणी चाललं तरी फळ्या हलतात, म्हणून टायमर लावून सगळ्यांना दोन सेकंद उभं राहायला सांगतो. अरुंद बोळात सहा फुटी दार पूर्ण घ्यायला पाच मीटर मागे सरकावं लागतं आणि मागे भिंत असते. तिथे ही लेन्स निरुपयोगी, जास्त रुंद भाग घेणारी ३५ मिमी लेन्स सोबत ठेवाच.

कसब्यातल्या एका वाड्यात पाडापाडीच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस काढले. घरच्या आजींना दिवाणखान्यातल्या केळफुलाची मोठी प्रिंट नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून तुटलेल्या पाकळीवर बोट ठेवलं. "हे आमच्या दादाचं काम. चेंडू बसला होता. वडिलांना कधी कळलं नाही." इतकी वर्षं खालून कुणालाच न दिसलेली ती मोड प्रिंटमध्ये लाकडाच्या धाग्यासकट स्पष्ट होती.

माझ्यापुरते पैसे तिथेच वसूल झाले. पावसाआधी चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालात जायचंय. बॅटरी चार्ज करून ठेवलीय आणि परवानगीचा अर्ज लिहून झालाय.