नॅरोबोटीवर कापशी चप्पल: एका हंगामाचा अनुभव

सत्तरी ओलांडलेला मी उन्हाळ्याचे सहा महिने इंग्लंडच्या कालव्यांवर स्वतःच्या नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यांसाठीच्या अरुंद, लांबट बोटीत राहतो आणि थंडी पडू लागली की कोल्हापूरला परततो. गेल्या खेपेला तिथल्या चप्पल लाइन या बाजारातल्या एका दुकानातून घेतलेला कापशी जोड, म्हणजे कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार, बोटीवर कसा ठरला, ते येथे नोंदवतो.

जेमतेम सात फूट रुंदीच्या बोटीत माणूस चालण्यापेक्षा वाकतो, चढतो आणि उतरतोच अधिक. सकाळी शेगडीतली राख काढायची, पाण्याची टाकी भरायची आणि बोट बांधायची कायमची जागा नसल्यामुळे साधारणपणे 14 दिवसांच्या आत मुक्काम हलवायचा. आतल्या लाकडी जमिनीवर हा जोड उत्तम चालला. कातडे आठवडाभर करकरले, अंगठ्याला फोड आणला आणि मग पायाचा साचा घेऊन बसले. शिवण वादीची, खिळा एकही नाही, त्यामुळे जमिनीवर ओरखडा उठला नाही.

बाहेर मात्र हा जोड घालू नये. लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वरखाली नेणाऱ्या दरवाजांच्या, ओल्या फळीवर टाच सरकली आणि पाणी सोडण्याची झडप उघडायची लोखंडी किल्ली पाण्यात गेली. तो दोष माझाच. परंतु एकदाच पावसात भिजल्यावर वेणी सुटली आणि ‘पाच वर्षे बघायला नको’ असे सांगणाऱ्या दुकानदाराने दुरुस्तीचे वेगळे पैसे मागितले, हे पटले नाही. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालाला एवढी हमी हवीच. शेवटी गल्लीतल्या कारागिराने दहा मिनिटांत नवी वादी ओवून दिली.